अंजिराखालचा रिकामा कोनाडा

१

दिवे परत लागले तरी बागेतले सगळे अजून माना वर करून आकाशच बघत होते. खाली बघितलं ते एकट्या नीवेसने.

तिची ती सवयच झाली होती. मूल झाल्यापासून तिचे डोळे आधी जमिनीवर जायचे. कुठे काच पडलीये का, कुठल्या टेबलाचा कोपरा टोकदार आहे, कुणी मेणबत्ती मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवलीये का. देलिया बाबागाडीत गाढ झोपली होती. तिचा श्वास चाललाय हे नीवेसने नीट बघून घेतलं, मगच नजर उचलली. समोर अंजिराच्या झाडामागे तटाची जुनी भिंत होती. त्या भिंतीतला कोनाडा रिकामा होता.

सान लोरेन्झोची रात्र. या रात्री तारे तुटतात, आणि ते नीट दिसावेत म्हणून नीवेसची सासू एलिदे दरवर्षी जेवणं चालू असतानाच बागेचा मेन स्विच थोडा वेळ बंद करायची. नीवेसचा नवरा साउरो पिझ्झ्याच्या भट्टीचं लोखंडी दार ओढून घ्यायचा, म्हणजे आगीचा उजेडही नको. पिझ्झे थांबत, माणसं थांबत, सगळे वर बघत. कोनाड्यातल्या मारियामातेपुढची तेलाची पणती तेवढी तेवत राहायची. आज तीही विझलेली होती.

माता म्हणजे देरूताच्या कुंभारांनी रंगवलेली भाजलेल्या मातीची एक गोल तबकडी, दीड वीत रुंदीची. निळा पदर, पिवळं वलय, मांडीवर बाळ. बेवान्या गावातल्या माणसांना तिची इतकी सवय होती की पाहुण्यांनी विचारल्याशिवाय तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नसे. पण ही बाग साउरोच्या घराण्याची नव्हती. ती चर्चच्या धर्ममंडळाची होती, आणि साउरोच्या आजोबांना ती एकाच अटीवर मिळाली होती: कोनाड्यात माता राहील, तोवर बाग तुमची. सान लोरेन्झोच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाची माणसं येत, मातेचं दर्शन घेत, आणि पुढचं वर्ष मिळे. बाग गेली की भट्टी गेली, आणि बागेवरचं दोन खोल्यांचं घरही गेलं.

नीवेस ओरडली नाही. तिने बाबागाडीचा ब्रेक लावला आणि नवऱ्याकडे गेली. साउरो भट्टीचं दार उघडत होता. अंधार व्हायच्या जरा आधी त्याने दोन पिझ्झे खोक्यांत भरून गल्ल्याजवळ ठेवले होते. एक फोलिन्योच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा, बेलार्दींचा, त्यांच्या बायकोसाठी सॉसेज घातलेला. दुसरा त्याच्या पोम्पेआ आत्याचा, नुसता टोमॅटोचा, त्यातही लसूण काढलेला. हा दुसरा करताना साउरो नेहमीसारखाच कुरकुरला होता की लसूण नसलेला मरिनारा म्हणजे दवाखान्यातलं जेवण. त्या कुरकुरीचं हसू अजून त्याच्या तोंडावर होतं.

"साउरो," ती हळूच म्हणाली, "फाटक लाव. बाहेर कुणाला सोडू नकोस."

२

ठाणं कोपऱ्यावरच होतं. फौजदार पिंतुस वर्दीची बटणं लावत आले आणि फाटकात उभे राहिले. मूळचे सार्डिनियाचे, पण बेवान्यात इतकी वर्षं काढलेले की कुणाची आजी कुणावर रुसलीये हेही त्यांना ठाऊक असे. त्यांनी पर्सा उघडायला लावल्या, पिशव्या उलट्या केल्या, एका जर्मन पाहुण्याच्या गिटारच्या पेटीतही हात घालून बघितला. माता कुठेच नव्हती.

रांगेत दोन माणसं हातात खोकी घेऊन उभी होती. एक बेलार्दी, घाम पुसत. दुसरा कोर्रादो, पोम्पेआ आत्याचा मुलगा, म्हणजे साउरोचा आतेभाऊ. शेजारचं पाहुणेघर तो चालवायचा. त्याने एलिदेला धीर दिला होता, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की मंडळी काही राक्षस नाहीत, समजून घेतील. पिंतुसांनी दोघांचे खिसे चाचपले, कोटाची आतली बाजू बघितली, आणि खोक्यांकडे बघून चक्क रागावले.

"हे घेऊन उभे काय राहिलात? गार होईल ते. निघा."

दोघे निघाले. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. नीवेसलाही नाही.

मग पिंतुस कोनाड्यापाशी गेले आणि थांबले. कोनाड्याचा काठ काळ्या दगडाचा. त्यावर एका हाताचा पांढरा ठसा होता, पाचही बोटं स्पष्ट, एखाद्याने शिक्का मारावा तसा. पिंतुसांनी तो बराच वेळ पाहिला. मग मागे वळून सबंध बागेवरून नजर फिरवली. ती नजर शेवटी भट्टीपुढे उभ्या असलेल्या, कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या साउरोवर येऊन थांबली.

त्यांनी आवाज चढवला नाही. गेल्या महिन्यात बेलार्दींनी ही माता विकत मागितली होती, हे खरं का, एवढंच विचारलं. साउरो म्हणाला, मागितली होती. मग तू काय म्हणालास? साउरोने कपाळावर हात मारला. तो म्हणाला होता की मातेबरोबर माझी आई पण घेऊन जा, दोघींना वेगळं करू नका. सगळी बाग तेव्हा हसली होती. बेलार्दींनी मात्र आज तेच वाक्य फौजदारांना गंभीरपणे सांगितलं होतं.

"सकाळी ठाण्यात ये," पिंतुस म्हणाले. "आणि त्या ठशाला कुणी हात लावायचा नाही."

३

सकाळी साउरो ठाण्यात जाऊन बसला. नीवेस देलियाला कडेवर घेऊन कोनाड्यासमोर उभी राहिली.

तिला भीती वाटत होती, पण ती भीती तिच्या ओळखीची होती. रात्री मूल खोकलं की जशी वाटते तशी. अशा वेळी रडून उपयोग नसतो, ताप कुठून आला ते शोधायचं असतं. ती पेरूजाला विद्यापीठात इतिहास शिकली होती. तिथल्या तिच्या बाई म्हणायच्या की वस्तू काय सांगते ते आधी ऐका, माणसं काय सांगतात ते नंतर.

तिने ठसा जवळून पाहिला. मग आपल्या खांद्यावरून, देलियाच्या झबल्यावरून हात फिरवला. काल साउरोने कामातून उठून मुलीला उचललं होतं, आणि झबल्याच्या पाठीवर अजून खरखर लागत होती. रोजची गोष्ट. रोज रात्री ती ते कण झटकायची, मुलीच्या मानेला टोचू नयेत म्हणून.

पिंतुस आले तेव्हा तिने त्यांना एकच विनंती केली. ठशाच्या कडेची चिमूटभर पूड बोटांत धरून बघा. पिंतुसांनी भुवया उंचावल्या, पण धरली.

"कशी लागते?"

"कशी लागणार? पिठासारखी. मऊ."

मग ती त्यांना साउरोच्या ओट्यापाशी घेऊन गेली, जिथे तो गोळे थापायचा. तिथली चिमूट घ्यायला सांगितली. पिंतुसांनी बोटं चोळली आणि पुन्हा चोळली.

"रवा," ते म्हणाले.

"बारीक रवा. मैदा भट्टीच्या फरशीवर जळतो, बुडाला कडवट लागतो, म्हणून साउरो हात लावतो तो रव्याला. सबंध संध्याकाळ त्याच्या हातांवर हाच असतो. त्या ठशात रव्याचा एक कण नाही. आणि साहेब, ती तबकडी जड आहे. भिंतीतून काढायची तर दोन्ही हात लागतात. काठावर एक हात असा फुरसतीने उमटवून कोण चोरी करतं? तो ठसा चोराकडून चुकून राहिलेला नाही. चोराने ठेवलेला आहे."

पिंतुसांनी बोटं रुमालाला पुसली. त्यांना तिचं पटलं होतं, हे तिला दिसत होतं. मग ते सावकाश वळले आणि स्वयंपाकघराकडे बघू लागले. तिथे एलिदे भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांसाठी पीठ चाळत होती. तिच्या हातांवर मैदा होता, मऊ, पांढरा, मनगटापर्यंत.

"सूनबाई," पिंतुस म्हणाले, "नवऱ्याला सोडवलंस खरं. पण सासूला अडकवलंस."

४

एलिदेने सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, एप्रनला पुसले आणि मग बोलली. अंधार असताना मी कुठे होते ते मला कशाला विचारता, बागेला विचारा. आणि खरंच होतं. दिवे बंद असताना एलिदेचं तोंड कधी बंद नसायचं. काल तर ती स्विचजवळ उभी राहून प्रत्येक टेबलाला नाव घेऊन दटावत होती: मनातली इच्छा मोठ्याने बोलू नका, ए लग्न न झालेल्या पोरींनो, दोन तारे एकदम मागू नका. सगळ्या बागेने ते ऐकलं होतं. पिंतुसांनी स्वतः ठाण्याच्या खिडकीतून ऐकलं होतं.

"म्हणजे तुम्ही नाही," ते म्हणाले.

"तुमच्या आवाजात वाईट वाटल्यासारखं का येतंय?" एलिदेने विचारलं.

नीवेसने देलियाला अंजिराखाली चादरीवर ठेवलं होतं. तिचं बोलणं चालू होतं, पण एक डोळा मुलीवर. ठसा ठेवणाऱ्याला वाटलं की पिझ्झेवाला म्हणजे मैदा, असं ती सांगत होती. म्हणजे तो ओट्याच्या मागे कधी आलेला नाही, नेहमी टेबलाच्या बाजूनेच बघणारा आहे. आणि मैदा त्याने बरोबर आणला होता, म्हणजे...

वाक्य तिथेच राहिलं. देलिया रांगत चादरीवरून उतरली होती, लॉरेलच्या झुडपांच्या कुंपणापर्यंत पोचली होती, आणि तिच्या मुठीत काहीतरी लाल होतं. ते तोंडाकडे चाललं होतं. नीवेसने झेप घेतली, मूठ धरली, बोटं उघडली. वाळलेल्या पिझ्झ्याचा तुकडा. तिने आधी मुलीच्या तोंडात बोट घालून बघितलं. काही नव्हतं. देलियाने भोकाड पसरलं.

मग नीवेस तशीच गुडघ्यांवर वाकली आणि कुंपणाच्या पानांखाली हात घातला.

आत एक सबंध पिझ्झा होता. कुणी चव घेतली नव्हती, कुणी कापला नव्हता. दुमडून, दाबून आत सारलेला, मुंग्यांनी भरलेला. पिंतुस म्हणाले, कुणा पोराने टाकला असेल. नीवेसने मान हलवली. पोरं कड टाकतात, अख्खा पिझ्झा टाकत नाहीत. हा कुणीतरी खोक्यातून काढलाय. आणि खोकं रिकामं करायचं कारण एकच, त्यात दुसरं काहीतरी ठेवायचं होतं. साधारण तेवढंच मोठं, तेवढंच गोल.

पिंतुसांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती खोकी कुणी जाऊ दिली होती ते त्यांना आठवत होतं.

बेलार्दीच, ते घाईने म्हणाले. व्यापारी माणूस, मातेवर डोळा होताच. त्यांनी फोलिन्योला फोन लावला. फोन बेलार्दीबाईंनी घेतला आणि पिंतुसांना बोलूच दिलं नाही. सॉसेज बरं होतं म्हणे, पण पिझ्झा दगडासारखा गार झाला होता, आणि तुमच्या ठाण्याने माझ्या नवऱ्याला तासभर उभं का केलं.

नीवेस तोवर मातीत बसून पिझ्झा निरखत होती. टोमॅटो, ओरेगानो, तेल. चीज नाही. तिने काडीने टोमॅटो बाजूला केला. लसणाची एक पाकळीही नाही.

"साहेब, फोन ठेवा," ती म्हणाली. "हा कुणाचा आहे ते मला कळलंय."

५

पोम्पेआ आत्या चौकामागच्या गल्लीत राहायच्या. पाय अधू झाल्यापासून त्या खिडकीतल्या खुर्चीतून उठत नसत, पण गल्लीतून कोण गेलं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसे. नीवेसला बघून त्यांनी आधी देलियाला मागून घेतलं, मग पिंतुसांना विचारलं की वर्दीतला माणूस सकाळी सकाळी बाईमाणसाच्या घरात कशाला.

नीवेसने पिंतुसांना डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. चोरीचं नावही काढलं नाही. ती आत्यांसमोर स्टुलावर बसली आणि बाळाचं झबलं नीट करत सहज म्हणाली,

"आत्या, कालचा पिझ्झा कसा झाला होता? साउरो विचारत होता."

आत्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू भळभळती जखम कुणी दाखवायला सांगितली असावी.

"कुठला पिझ्झा? वाट बघून बघून डोळे शिणले माझे. वर्षातून एकदा तर मागते. कोर्रादो आला आणि म्हणाला, गडबड झाली, साउरोने भट्टी बंद केली. मला सूप दिलंन. सूप. सान लोरेन्झोला."

पिंतुसांनी टोपी काढून हातात घेतली.

"पण आत्या," नीवेस तशाच आवाजात म्हणाली, "तो आला तेव्हा हातात खोकं होतं ना?"

"होतं की. मला वाटलं पिझ्झाच. तर म्हणे न्हाणीघरासाठी फरशीचा नमुना आणलाय, हात लावू नकोस, फुटेल. ते बघ, कपाटावर."

कपाटावर साउरोच्या पिझ्झ्याचं खोकं होतं. पिंतुसांनी ते दोन्ही हातांनी खाली घेतलं, आणि त्याचं वजन हाताला लागताच त्यांचे ओठ घट्ट मिटले. झाकण उघडायला ते कचरले. शेवटी आत्यांनीच उघडलं. निळा पदर, पिवळं वलय, मांडीवर बाळ. एका कडेला टोमॅटोचा डाग लागला होता, आणि खालून वर उमटलेली मैद्याची पुसट रेघ.

आत्या ओरडल्या नाहीत. त्यांनी अंगावरच्या शालीच्या टोकाने तो डाग पुसला, आणि मातेला मांडीवर घेतलं. देलिया एका गुडघ्यावर, माता दुसऱ्या.

कोर्रादो आला तेव्हा त्याच्या हातात आईसाठी पाव होता. दारातच त्याला सगळं दिसलं. त्याने नाकारलं नाही. पिंतुसांनी विचारण्याआधी तोच बोलत सुटला. पाहुणेघराला बाग नाही म्हणून लोक फिरकत नाहीत, मंडळींशी त्याचं बोलणं झालंच होतं, बाग मोकळी झाली तर तुला देऊ म्हणाले होते. सगळे वर बघत होते, वेळ लागला नाही. मैदा त्याच्या पाहुणेघरातला, रोज तिथे शेवया हाताने करतात. पिझ्झेवाल्याचा हात म्हणून फौजदार साउरोला एक-दोन दिवस छळतील, तेवढ्यात मंडळी येऊन रिकामा कोनाडा बघून जातील.

"आणि माता?" नीवेसने विचारलं.

"फोडणार नव्हतो. काय समजतेस मला? मीच सापडवून दिली असती. पुन्हा त्याच कोनाड्यात बसवली असती." तो आईकडे बघत नव्हता. "बाग माझी झाल्यावर."

"आणि मला सूप," आत्या म्हणाल्या.

कोर्रादो पाव टेबलावर ठेवून खाली बसला.

६

पण मग पिंतुसांनी मातेकडे हात पसरले. नियम म्हणजे नियम, ते म्हणाले. चोरीचा माल, पुरावा. ठाण्यात जमा होणार, कागद पेरूजाला जाणार, निकाल लागेपर्यंत कपाटात.

नीवेस स्टुलावरून उठली. साउरो सुटला होता, चोर सापडला होता, आणि तरी आज संध्याकाळी मंडळी येणार तेव्हा कोनाडा रिकामाच राहणार होता. अटीत चोरीला सूट नव्हती. कोर्रादो बसल्या जागेवरून तिच्याकडे बघत होता. त्यालाही हे कळलं होतं.

तिने देलियाला कडेवर घेतलं.

"साहेब, पुरावा सुरक्षित ठेवायचा असतो ना?"

"अर्थात."

"मग तो ठसा? तोही पुरावाच. तो दगडावर आहे. दगड ठाण्यात नेणार का?"

पिंतुस म्हणाले, नाही, त्या जागेला सील लागेल.

"सगळा कोनाडाच सील होणार म्हणजे. मग एक पुरावा तिथे आणि दुसरा तुमच्या कपाटात कशाला? भिंत चार हात जाड आहे. ठाण्याच्या खिडकीतून दिसते. मातेला तिच्या जागी ठेवा आणि वरून सील लावा. कालच्या रात्रीनंतर," ती जरा थांबली, "खोक्यातून काही जाऊ न देण्याची काळजी तुम्ही सगळ्यांत जास्त घ्याल."

पिंतुसांचे कान लाल झाले. आत्या खुदकन हसल्या. आणि मग फौजदार असं काहीतरी पुटपुटले की घटनास्थळ अबाधित ठेवणं हे मूळ नियमातच आहे, आणि हे आपल्याला आधीच सुचलं होतं.

संध्याकाळी फादर ग्वाल्तिएरो मंडळाच्या माणसांना घेऊन बागेत आले. भट्टी पेटली होती, टेबलांवर कापडं होती, साउरो ओट्याशी उभा होता, ठाण्याच्या बाकामुळे आखडलेली मान चोळत. गावभर बातमी पोचली होती, तेव्हा बागेत कालच्यापेक्षा जास्त माणसं होती आणि कालच्यापेक्षा कमी आवाज होता. एलिदेसुद्धा बोलत नव्हती.

कोनाड्यावर लाल-पांढरी पट्टी होती, चारही कोपऱ्यांना ठाण्याचा शिक्का. पट्टीच्या मागे माता होती.

फादर बराच वेळ बघत राहिले. मंडळातल्या एका म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि म्हटलं की एक रात्र कोनाडा रिकामा राहिला होता, ते मोजायचं की नाही. नीवेस पुढे झाली. अट अशी आहे की आज, दर्शनाच्या वेळी, माता जागेवर असावी, ती म्हणाली. आत्तापर्यंत ती नुसती आमच्या भरवशावर होती. आता सरकारच्याही आहे.

मंडळाची एक रीत होती. बाग द्यायची नसेल तर उभ्यानेच निघून जायचं. द्यायची असेल तर तिथेच जेवायला बसायचं. तोंडाने कुणी काही बोलत नसे.

फादर मागे वळले. साउरोने पिठाचा गोळा हातात घेतला होता आणि तो थापायचं विसरला होता. नीवेसने देलियावरची पकड घट्ट केली.

फादरनी अंजिराखालची खुर्ची ओढली, धूळ फुंकली आणि बसले. त्यांच्या मागोमाग मंडळातले सगळे, शेवटी तो म्हाताराही.

"भूक लागलीये," फादर म्हणाले. "आणि हो, माझ्या पिझ्झ्यात लसूण घाला."